साबोची गोधडी

लेस्टर क्रॉल आणि डेलमार साबो यांची टेबलं शेजारीशेजारी लावायची अक्कल कुणी पाजळली होती देव जाणे. अग्निशमन दलाच्या त्या हॉलमध्ये वर्षातून एकदा जुन्या पिस्तुलांचं प्रदर्शन भरायचं, आणि दरवर्षी या दोघांचं भांडण ठरलेलं असायचं.

वेड दोघांना एकाच पिस्तुलाचं. अमेरिकन सैन्याचं जुनं, पंचेचाळीस कॅलिबरचं. नमुना एकच, पण दुसऱ्या महायुद्धात सरकारने ते ज्याला जमेल त्याच्याकडून बनवून घेतलं. टाइपरायटरवाल्यांनी बनवलं, रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्यांनीही बनवलं. कुणाचाही भाग कुणालाही बसला पाहिजे, हा सैन्याचा दंडक. सैनिकांची त्यामुळे सोय झाली आणि हौशी लोकांच्या डोक्याला जन्माचा ताप झाला. चाप आखूड की लांब, मुठीची पाठ सपाट की फुगीर, रंग करडा की हिरवट, यावरून पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरांत सख्ख्या भावांनी बोलणं टाकलेलं होतं.

डेलमारचं पिस्तूल त्याच्या बापाचं, स्टीव्ह साबोचं. खालचा सांगाडा सिग्नलवाल्यांचा आणि वर सरकणारी स्लाइड मात्र टाइपरायटरवाल्यांची. "आली साबोची गोधडी," असं म्हणूनच लेस्टर दरवर्षी त्याचं स्वागत करायचा.

"माझ्या बापाने इटलीत दोस्ताशी बदलली ती," डेलमार आधी आधी सांगायचा. "ऑरिन थेयर नावाचा होता. दोघांच्या तुकड्या वेगळ्या झाल्या, तेव्हा ठरवलं, तुझी स्लाइड मी नेतो, माझी तू ने. लढाई संपली की भेटून परत बदलू."

"मग भेटले?"

"नाही. हा मेला असं त्याला वाटलं, तो मेला असं याला."

"पिस्तूल विकत घ्यावं बाबा, गोष्ट विकत घेऊ नये," लेस्टर म्हणायचा, आणि आजूबाजूचे खो खो हसायचे.

माणूस किती वर्षं हसणं ऐकून घेईल. एक दिवस बापाच्या त्या गोष्टीचीच डेलमारला लाज वाटायला लागली. तो स्वतःच दुसऱ्यांना तेच वाक्य ऐकवू लागला. कुणी म्हातारी नवऱ्याचं पिस्तूल घेऊन आली, लढाईचं काही सांगू लागली, की हा तोंड वाकडं करून म्हणायचा, गोष्ट घरी ठेवा बाई, स्क्रू दाखवा. लेस्टरपेक्षा हाच जास्त जहरी झाला होता.

आणि गेल्या शरद ऋतूत तो लेस्टरच्या गॅरेजमध्ये गेला. लेस्टरकडे सिग्नलवाल्यांची एक सुटी स्लाइड पडून होती, आणि त्याच्या टाइपरायटरवाल्या सांगाड्याला धड स्लाइड नव्हती. लेस्टरने डेलमारची स्लाइड उलटी करून दिव्याखाली धरली. आतल्या बाजूला कुणीतरी खिळ्याने गव्हाची लोंबी कोरली होती.

"हे ओरखडे मला नकोत. घासून आण, मग बदलू."

डेलमारने घरी जाऊन ती लोंबी बारीक पॉलिश कागदाने घासली, पुन्हा रंग चढवला आणि दुसऱ्या दिवशी अदलाबदल केली. बायकोला कळलं तेव्हा नॉर्मा एवढंच म्हणाली, "बापाचं तोंड बंद केलंस की रे." आठवडाभर ती धड बोलली नाही.

आता आजच्या प्रदर्शनात दोन्ही टेबलांवर तीच पाटी होती: कारखान्यातून निघालं तसंच. दोघंही खोटे. पण एकाने दुसऱ्याला उघडं पाडलं की स्वतःचंही पितळ उघडं पडणार. तेरी भी चूप, मेरी भी चूप. त्यामुळे भांडण दुसऱ्याच गोष्टींवरून चाललं होतं.

"तुझा घोडा चुकीचा आहे," डेलमार म्हणाला. "या सालाला एवढा रुंद घोडा नसतो."

"तू मला सालं शिकवणार? तुझ्या मुठीचा रंग बघ आधी. वांग्यासारखा दिसतोय."

"आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून."

"झाकलंय काय ते सांगू का सगळ्यांना?" लेस्टर हळूच म्हणाला.

परीक्षक बर्नी सिकोरा हातात पहिल्या बक्षिसाची निळी फीत घेऊन दोन्ही टेबलांपुढे घुटमळत होता. तेवढ्यात पन्नाशीची एक बाई गर्दीतून वाट काढत आली. डेलमारच्या पाटीवरचं नाव तिने बोट ठेवून वाचलं.

"साबो तुम्हीच का? वर्तमानपत्रात प्रदर्शनाच्या जाहिरातीत नाव पाहिलं. मी ट्वायला. ओहायोहून आले. ऑरिन थेयर माझे वडील."

डेलमारच्या हातातला कॉफीचा कागदी पेला तिरका झाला.

बाईने पिशवीतून कापडात गुंडाळलेलं पिस्तूल काढलं. टाइपरायटरवाल्यांचा सांगाडा, वर सिग्नलवाल्यांची स्लाइड. बर्नीने ती सुटी केली आणि उलटी धरली. आत खिळ्याने कोरलेली खाणकामगाराची कुदळ होती.

स्टीव्ह साबो लढाईआधी कोळशाच्या खाणीत होता. ते सगळ्या हॉलला माहीत होतं.

"वडील गेल्या वर्षी गेले," ट्वायला म्हणाली. "जाताना सांगून गेले, कुणी साबो भेटला तर त्याची कुदळ त्याला दे आणि आपली लोंबी घेऊन ये. आमचं शेत गव्हाचं ना. तुमचं दाखवता?"

डेलमारने आपलं पिस्तूल पुढे केलं. दुसरं करणार काय? तिने स्लाइडवरचं नाव वाचलं, आत पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"ही सिग्नलवाल्यांचीच आहे. मग ते साबो तुम्ही नव्हेत."

"मीच आहे," डेलमार म्हणाला. "मी बदलली. गेल्या वर्षी. पाटी खोटी आहे, बर्नी, मला फीत देऊ नकोस. बाई, तुमच्या वडिलांची स्लाइड ती बघा, या लेस्टरच्या पिस्तुलावर आहे."

सगळ्यांनी लेस्टरकडे पाहिलं. लेस्टरने शांतपणे स्लाइड काढली आणि बर्नीच्या हातात दिली.

"शोध लोंबी."

बर्नीने चष्मा कपाळावर चढवला, दिव्याखाली धरून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. "गुळगुळीत आहे."

"मी घासली," डेलमार म्हणाला. "यानेच सांगितलं घासायला. लेस्टर, एकदा, फक्त एकदा खरं बोल. मी तुझ्या पाया पडतो."

लेस्टरने त्या फितीकडे पाहिलं. मग डेलमारकडे वळला.

"पिस्तूल विकत घ्यावं," तो म्हणाला, "गोष्ट विकत घेऊ नये."

कुणीतरी मागे हसलं. हे वाक्य डेलमारच्या तोंडून या हॉलमधल्या निम्म्या लोकांनी ऐकलेलं होतं, आणि त्यांच्यातल्या कुणालाही त्याची दया आली नाही. बर्नीने स्लाइड परत दिली आणि फीत लेस्टरच्या टेबलावर ठेवली.

ट्वायला पिस्तूल पुन्हा कापडात गुंडाळू लागली. डेलमारने तिचं मनगट धरलं आणि लगेच सोडलं.

"ती स्लाइड मला विकत द्या. म्हणाल ते देतो. माझ्या बापाच्या हातची कुदळ आहे ती."

"तुम्ही खोटं बोलताय असं मला वाटत नाही," ती म्हणाली. "खोटं बोलणाऱ्याचा चेहरा असा होत नाही. पण वडिलांनी विकायला सांगितलं नव्हतं, बदलायला सांगितलं होतं. पन्नास वर्षं आमच्या घरी या कुदळीला कुणी हात लावला नाही. बदल्यात द्यायला काय आहे तुमच्याकडे?"

डेलमारने टेबलावर पाहिलं. त्याचं पिस्तूल तिथे होतं, वरपासून खालपर्यंत एकाच कारखान्याचं, एकही चूक नसलेलं.

बाई निघाली. जाताना लेस्टरच्या टेबलाशी थांबली, फीत मिळालेल्या पिस्तुलावरून तिने क्षणभर बोट फिरवलं आणि दाराबाहेर पडली. डेलमारने खोटी पाटी उचलून खिशात घातली. घरी गेल्यावर नॉर्मा विचारणार होती, कसं झालं प्रदर्शन.