सिद्धूचा पाय

"मामा, आजोबांनी तुमचा कुठला पाय धरला हुता? उजवा का डावा?"

शिवप्रिया, माझी भाची, वय नऊ. नागपंचमीला माझी धाकटी बहीण अयोध्या अणदूरहून माहेरी आली की ही पोर माझ्या मागंमागं असते. मी सास्तूरच्या घरी ओट्यावर बसून एका जळक्या मोटरीतली तार उपसत होतो. जळलेली मोटर नव्या तारेनं भरून देणं हा माझा धंदा, सण असला म्हणून शेतकरी थांबत नाही. पक्कड हातातून सुटली.

"कुणी सांगितलं तुला?"

"आजीनं. दर पंचमीला सांगती की. मम्मीला बी, मला बी."

आता हे नीट ऐका. भूकंपात आमचे अप्पा गेले तेव्हा मी जेमतेम चार-पाच वर्षांचा, आणि अयोध्या मायच्या पोटात. त्या पहाटेचं मला एवढंच आठवतं: गच्च अंधार, तोंडात माती, आणि माझा पाय कुणीतरी घट्ट धरलेला. शाळेत जायला लागल्यावर मी मायला विचारलं. ती म्हणाली, "सपान पडलं आसंल. तुला घिऊन म्या भाईर निजले हुते." पुन्हा विचारलं तर तिनं मला अणदूरच्या खंडोबाला नेलं. कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाली, "देवा, पोराला वंगाळ सपनं पडत्यात." देवापुढं! मीही मुकाट मानलं. अजूनही पायावर चादर सहन होत नाही, थंडीतसुद्धा पाय उघडे टाकून झोपतो. बायको हसते.

पंचमीला हातांना मेंदी लावून बायका आत बसायच्या. मी उंबऱ्यात दिसलो की माय ओरडायची, "बायकांत काय बसतूस? गडी हायस ना? जा भाईर." मी जायचो. मला वाटायचं, सासवांची गाऱ्हाणी चालली असतील.

पोरीचं ऐकून तसाच काळ्या हातांनी आत गेलो. माय आणि अयोध्या लाह्या निवडत होत्या.

"माय, माजा पाय अप्पांनी धरला हुता?"

मायचा हात सुपातच राहिला. अयोध्यानं दारातल्या पोरीकडं डोळे वटारले. "शिवे, लई वटवट तुजी."

"तिला कशाला बोलतीस? माय, सपान हुतं म्हनलीस ना मला? खंडोबापुढं नेऊन खोटं पाडलंस!"

"हळू बोल. गल्ली ऐकंल."

"ऐकू दे की. मला सोडून सगळी गल्ली ऐकून बसली आसंल!"

माय पुन्हा लाह्या निवडायला लागली. शेवटी अयोध्याच बोलली. "दादा, तू बी आत हुतास, अप्पांसंगं. माय तेवढी भाईर. हातानं माती उकरत हुती. आतून अप्पा म्हनत हुते, 'बोलत ऱ्हा सिद्धू, गप बसू नगंस. बैलांची नावं सांग.' तू सांगितलीस. मंग..." ती उसासा टाकून थांबली. "मंग तू गप झालास. शुद्ध गेली तुजी. त्येंनला वाटलं, तू गेलास. 'गेलं माजं लेकरू' म्हनले, आन् त्येंचा बी आवाज बंद झाला. तुला काढलं तवा त्येंचा हात तुज्या पायालाच हुता."

ती जिथं थांबली, तिथंच माय थांबत असणार. उसासासुद्धा मायचाच होता. अहो, हिचा जन्मही झाला नव्हता! आणि माझ्या बापाचे शेवटचे शब्द हिला तोंडपाठ. खोटं कशाला बोलू, मला बहिणीचा हेवा वाटला. संताप तर त्याहून जास्त. बाप माझ्याशी बोलत बोलत गेला आणि ते बोलणं ह्यांनी आपसात वाटून खाल्लं.

"म्या गप झालो म्हनून बाप गेला, आसं उरात धरून बसला आसतास," माय म्हणाली. "गडी मानूस तू. लेकीपाशी मन हलकं करता येतं. लेकाला कसं सांगावं?"

"मंग आता काय उरात धरून बसलोय म्या? बाप म्हनला, बोलत ऱ्हा. आन् तू मला जलमभर गप बसवलंस!"

हे बोललो आणि मला रडू फुटलं. पोरीदेखत रडायची लाज वाटली, पण थांबवता आलं नाही. अयोध्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी घेतला नाही.

मी मायच्या समोर मांडी घालून बसलो. "आता तू सांग. हिच्या तोंडून नगं. तुज्या तोंडून पायजे मला."

"ऐकलास की आत्ता."

"तू सांग."

मायनं सूप बाजूला सारलं, पदरानं तोंड पुसलं. मग वळली आणि अयोध्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सिद्धू लहान हुता तवा," ती अयोध्याला म्हणाली. "गणपती बुडवून आल्ते समदे. सिद्धू अप्पांच्या कुशीत झोपला हुता..."

पहिल्यापासून सगळं सांगितलं तिनं, काही गाळलं नाही. तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, सिद्धू लई धीट हुता म्हणून. पण माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. मी हाताच्या अंतरावर बसून दुसऱ्याच कुणा पोराची गोष्ट ऐकत राहिलो.