शिळेवरची ओळ

पाथरवटाने ओल्या फडक्याने शिळा पुसली आणि खडूने लिहिलेली ओळ दुसऱ्यांदा नाहीशी झाली.

"अहो, परत पुसलीत?" ब्रदर म्हणाले.

प्रार्थना मंडळ चालवणाऱ्या या गृहस्थांना सगळे ब्रदरच म्हणत. त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता आणि कागदावर तीच ओळ होती : प्रभूने पूर्ण बरी करून आपल्या घरी नेली. मागे, दगडांच्या ढिगाला टेकून दाजी उभे होते. त्यांची बायको, ताई, जाऊन तीन आठवडे झाले होते. तेव्हापासून बायकोविना या माणसाच्या सदऱ्याची गुंडी रोज एका काजाने चुकत होती.

"बरी करून नेली," पाथरवट म्हणाला. "तीस वर्षं थडग्यांचे दगड करतोय, ब्रदर. बरं झालेलं माणूस अजून माझ्याकडे आलेलं नाही."

"तुम्ही शरीर बघता. आम्ही आत्मा बघतो."

"मी माप बघतो. तिचं माप घ्यायची वेळ माझ्यावर आणलीत तुम्ही."

ब्रदर हसले. लहान मुलाच्या हट्टाला हसावं तसं, सोशिकपणे.

ताई पाथरवटाची थोरली बहीण. आईमागे तिनेच त्याला वाढवलं. चौदाव्या वर्षी तिला साखरेचा आजार जडला, तेव्हापासून इन्सुलिनची सकाळी एक सुई, संध्याकाळी एक सुई. त्या दोन सुयांच्या टाक्यांनी तिने अडतीस वर्षं शिवून काढली. टोचण्याआधी डोळे मिटून रोजच्या भाकरीची प्रार्थना म्हणायची. "माझी भाकर बाटलीतून येते रे," असं म्हणून हसायची. तिच्या देवाचं आणि तिच्या डॉक्टरचं कधी भांडण झालं नव्हतं. ते लावलं ब्रदरनी. सुईला धरून बसलेला हात प्रभूने कसा धरावा, असं त्यांनी विचारलं. मग एका रविवारी, साक्ष देताना, तिने सगळ्या बाटल्या सभेपुढे टेबलावर ठेवल्या. त्यानंतर ती आठ दिवस जगली.

"तुम्ही नव्हतात तिथे, म्हणून बोलता," ब्रदर म्हणाले. "शेवटी तिच्या श्वासाला सुगंध येत होता. पिकल्या फळांसारखा. खोलीत बसलेल्या प्रत्येकाला आला. पवित्र आत्म्याचा परिमळ! विचारा ना यांना."

दाजी खाली बघत राहिले.

पाथरवटाच्या हातातलं फडकं गळून पडलं. तो वास त्याला ठाऊक होता. ताईने त्याला डॉक्टरकीतलं तेवढं एकच शिकवलं होतं. माझ्या तोंडाला फळांचा वास आला, तर कुणाला विचारत बसू नकोस, दवाखान्यात पळ. नऊ वर्षांचा असताना तो एकदा पळाला होता, अनवाणी. तिसऱ्या दिवशी ती खाटेवर उठून बसली आणि आधी त्याच्या सोललेल्या पायांवरून त्याला रागावली.

"परिमळ?" त्याचा आवाज चिरकला. "ब्रदर, आतून विष भिनत होतं तिच्या रक्तात. तो त्याचा वास. आणि तुम्ही उशाशी बसून हुंगत होतात!"

"दुःखात माणूस काहीही बोलतो. मी तुम्हाला क्षमा करतो."

"तुमची क्षमा घाला खिशात. केलंत तुम्ही आणि सही मागताय देवाची. माझ्याही देवाची! ती मी कोरणार नाही."

ब्रदरनी कागदाची घडी नीट केली. "बरं होणं विश्वासावर असतं. घरात कुणाचा तरी कमी पडला." त्यांनी दाजींकडे नजर टाकली. "रविवारपर्यंत दगड बसायला हवा. नाहीतर दुसरे कारागीर आहेत."

त्यांची गाडी वळणापलीकडे गेली, तरी दाजी तिथेच उभे होते.

"ती मागत होती," ते म्हणाले.

"काय?"

"बाटली. सहाव्या दिवशी. जीभ कोरडी पडली होती, तरी दोनदा म्हणाली. मी म्हटलं, जरा दम धर, लोक प्रार्थनेला येतायत."

पाथरवटाने हातोडा उचलला आणि उचललेला हातोडा कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

"एक फोन, दाजी! एक फोन करायला काय झालं होतं? रात्रीतून आलो असतो. पाठीवर घालून नेली असती तिला!"

"तुला?" दाजींनी पहिल्यांदाच मान वर केली. "तिने बाटल्या ठेवल्या तेव्हा तू माझ्याच शेजारी होतास. अख्ख्या सभेत सगळ्यात मोठ्याने आमेन कोण म्हणालं? ती तुझ्याकडे बघून हसली. घरी जाताना मला म्हणाली, बघा, धाकट्यालासुद्धा पटलं."

पाथरवटाने हातोडा शिळेशेजारी ठेवून दिला.

ताईचा चेहरा त्या दिवशी नुसता उजळला होता. सगळे म्हणाले, म्हणून तोही म्हणाला. तिचा आनंद त्याच्याने मोडवेना, एवढंच. सोमवारी तो बाहेरगावी पायऱ्यांच्या कामावर गेला. आठवडाभर पायऱ्या घडवताना एकदाही त्याच्या मनात आलं नाही की त्या बाटल्या खरंच परत घरी गेल्या नसतील.

त्याने पट्टी घेतली. शिळेवर तिचं नाव आखलं. नावाखाली जन्माची तारीख. त्याखाली आणखी एक.

"चुकतोयस," दाजी म्हणाले. "ती अकराला गेली. ही तीन आहे."

"अकरा खाली येईल."

दाजी शिळेजवळ आले. बोटावर दिवस मोजू लागले आणि मधेच थांबले.

"हा तो रविवार."

"हो."

"लोक विचारतील, ही मधली तारीख कसली."

"तुम्हाला विचारतील, तसं मलाही विचारतील," पाथरवट म्हणाला. "मी सांगेन, त्या दिवशी मी कुठे बसलो होतो ते."

त्याने शेवटच्या तारखेसाठी पट्टी खाली सरकवली. एका हाताने धरून आखताना पट्टी तिरकी होत होती. दाजींनी पुढे होऊन तिचं दुसरं टोक अंगठ्याने दाबून धरलं.

"आख," ते म्हणाले.