माझे नाक बांधले तो दिवस

मी एक जुनी लोखंडी टाकी आहे. जुनी म्हणण्यापेक्षा चेपलेली म्हणा, मला राग येणार नाही. तेलाच्या कारखान्यामागे, भंगाराच्या ढिगाशेजारी मी आडवी पडले आहे. येणारे-जाणारे मला बघून विचारतात, "हिला ट्रकने धडक दिली की काय?" मित्रांनो, ट्रकची काय बिशाद! मला हवेने मारले. होय, तुम्ही आत्ता श्वासातून आत घेताय ना, त्याच हवेने.

माझा जन्मच मारहाणीतून झाला. पत्रे कापले, रुळांमध्ये घालून वाकवले, आगीने डागून एकमेकांना जोडले. वर घणाचे घाव बसले ते वेगळेच. मग परीक्षा म्हणून माझ्या पोटात पाणी ठासून भरले आणि पंपाने आणखी दाब दिला. मी हूं की चूं केले नाही. कारागिरांनी माझी पाठ थोपटली. "ही काही फुटायची नाही!" खरेच, आतून ढकलणाऱ्याला मी कधी दाद दिली नाही. बाहेरून कोणी चेपले तर काय, हे मात्र कोणी तपासले नाही. बाहेर होतेच कोण? हवा! आणि हवेला कोण घाबरते?

इथेच सगळे फसतात. हवेला वजन असते. आपल्या डोक्यावर तिचा मैलोन्‌मैल उंच ढीग रचलेला आहे. तुमच्या एका तळहातावर ती एखाद्या पैलवानाच्या वजनाइतका भार टाकते. मग हात मोडत का नाही? कारण ती खालूनही तितकीच रेटते आणि तुमच्या शरीराच्या आतूनही तितकाच रेटा असतो. दोन्हीकडून सारखा जोर, म्हणून भांडण दिसत नाही. नळीने सरबत पिताना ते आपणच वर ओढले, अशी फुशारकी मारता ना? तुम्ही फक्त नळीतली हवा कमी करता. पेल्यातल्या सरबतावर बसलेली बाहेरची हवा ते दाबून तुमच्या तोंडापर्यंत चढवते. फुकटचे श्रेय घेऊ नका.

माझ्या आत-बाहेर असाच सारखा दाब राहावा म्हणून माझ्या डोक्यावर एक उघडी नळी होती. कामगार तिला 'टाकीचं नाक' म्हणत. तेल काढले की नाकातून हवा आत येई, तेल भरले की बाहेर जाई. इतकी वर्षे मी त्या नाकाच्या जोरावर ताठ उभी होते.

तेल संपले की मला धुवायला वाफवाला येई. हडकुळा, बडबड्या माणूस. तो माझ्या पोटात कढत वाफ सोडून चिकटलेला थर वितळवून काढी. त्याची वहिनी तिथेच डबे धुण्याच्या कामावर होती. त्याची आई लवकर गेली आणि या वहिनीनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. दुपारी दोघे माझ्या चार पायांमध्ये, माझ्या पोटाखाली जेवायला बसत.

"भावजी, या टाकीला घासता तशी स्वतःची मान पण घासत जा की कधी."

"टाकीचं तेल निघतं, वहिनी. माझा रंग काही निघायचा नाही."

माझ्या पोटाखाली असे हसणे चाले. मला ते फार आवडे.

मागच्या पावसात माझ्या नाकातून पाणी आत गेले आणि तेल नासले. मुकादमाने वाफवाल्याला चारचौघांत फैलावर घेतले. "पुन्हा एक थेंब आत दिसला, तर घरी बसायचं!" ते शब्द त्याच्या जिव्हारी लागले.

माझे नाक बांधले त्या दिवशी सकाळपासून अंगाची लाही होत होती. जमीन तापली, तिच्यावरची हवा तापून हलकी झाली आणि वर निघून गेली. तिथला दाब कमी झाला. अशी जागा दिसली की भोवतालची जड हवा तिकडे धावत सुटते. त्यालाच तुम्ही वारा म्हणता आणि फारच पिसाळला तर वादळ. दुपारी आभाळ काळेठिक्कर झाले.

वाफवाल्याने नुकतीच माझी धुलाई संपवून खालची तोटी बंद केली होती. माझ्या पोटात नुसती वाफ होती. हवेला तिने केव्हाच हाकलून दिले होते. नियम असा, की मी गार होईपर्यंत नाक उघडेच ठेवायचे. पण पहिला थेंब पडला आणि त्याला मुकादम आठवला. तो धावत शिडी चढला. ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा त्याने माझ्या नाकावर ताणून बसवला आणि वरून तार करकचून आवळली. हे सारे माझ्याच भल्यासाठी! "आता ये म्हणावं पाणी!" असे म्हणत तो उतरला आणि बॉयलर बंद करायला पळाला.

मग वादळ कारखान्यावर तुटून पडले. छपराचे पत्रे सटासट उखडले. एक पत्रा सुसाट आला आणि दिव्याचा खांब वाकवून गेला. खिडक्यांच्या काचा फुटल्या, रिकामे डबे अंगणभर आपटत सुटले. वहिनी हातातले काम टाकून माझ्या पोटाखाली शिरली. कोरडी आणि उबदार जागा तेवढी एकच होती.

माझ्या तापलेल्या अंगावर गार पावसाचे फटके बसू लागले. आतली वाफ गारठली आणि तिचे पाणी झाले. पोटभर वाफेचे थोडेसे पाणी! बाकी पोटात पोकळी. आतून कोणी रेटायला उरले नाही आणि बाहेरची हवा तर होती तिथेच. नाक बंद. ती माझ्यावर सगळीकडून चालून आली.

मी कण्हले. वहिनीने वर बघितले आणि माझ्या पोटावर थाप मारली. "काय गं बाई, तूपण घाबरलीस?" तेवढ्यात माझी एक कूस धाडकन आत गेली.

तो आवाज बॉयलरपाशी पोचला. वाफवाल्याला वर बांधलेली ट्यूब आठवली. "नाक!" एवढेच तो ओरडला आणि उडत्या पत्र्यांतून धावत सुटला. "वहिनी, बाहेर! बाहेर पळा!" वादळात कुणाला काय ऐकू येणार? ती कानांवर हात दाबून बसली होती. शिडी त्याच्या वाटेतच होती. वर चढून त्याने तार तोडली असती, तर कदाचित मी वाचले असते. त्याने शिडीकडे पाहिलेसुद्धा नाही. मित्रांनो, मला त्याचा राग नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केले असते.

त्याने वहिनीला दंडाला धरून ओढले आणि बाहेर चिखलात भिरकावले. त्याच क्षणी हवेने मला मुठीत धरले. माझ्या शिवणी फाटल्या, पोट पाठीला टेकले, पाय दुमडले आणि मी खाली बसले. त्याचा उजवा पाय माझ्याखाली राहिला. तो किंचाळला तसे मी आजवर कुणाला किंचाळताना ऐकले नाही. वहिनी उघड्या हातांनी मला उचलू पाहत होती. तिची नखे तुटली, बोटे रक्ताळली. शेवटी माणसे जॅक घेऊन धावली. पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला.

आता माझ्या जागी नवी टाकी उभी आहे. मला उद्या कापायला येणार आहेत, म्हणून आजच सांगते. मित्रांनो, एखाद्या वस्तूची काळजी घ्यायची तर आधी तिची रीत समजून घ्या. भीतीपोटी घाईत घेतलेली काळजी जिवावर बेतते. आणि जे डोळ्यांना दिसत नाही, त्याला जोर नाही असे समजू नका.

आज पुन्हा आभाळ भरून आले आहे. नवी टाकी नुकतीच वाफेने धुतली आहे. वाफवाला कुबडी घेऊन खाली उभा आहे. त्याला आता शिडी चढता येत नाही. वर वहिनी चढली आहे, एका हाताने शिडी घट्ट धरून, दुसऱ्या हाताने टाकीचे नाक चाचपून पाहते आहे.

"बाई, त्यावर काहीतरी झाका!" मुकादम खालून ओरडला. "पाणी आत जाईल!"

"जाऊ दे!" वहिनी वरून ओरडली. "पाणी उपसता येतं, मुकादम. माझ्या दिराचा पाय परत येत नाही."