रापणीतला वाटा

सनोबर शिरोड्याच्या किनाऱ्यावर पोचली तेव्हा तिचं डोकं नुसतं भणभणत होतं. ती कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची. माणूस चांगलं वागतो तेही स्वतःच्या हौसेपायी नि कौतुकापायीच, आणि त्या स्वार्थावरच जगाचं बरं चालतं, असं लिहून तीनशे वर्षांपूर्वी शिव्याशाप खाल्लेल्या एका विलायती विचारवंतावर तिचं जाहीर व्याख्यान ठरलं होतं. तयारीत अख्खं वर्ष गेलं होतं. आज सकाळी प्राचार्य दत्तप्रसादांनी ते रद्द करून टाकलं. "मुलांना स्वार्थ शिकवायचा का, मॅडम?" एवढंच म्हणाले. पुस्तक उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं त्यांनी.

किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. समुद्रात लांबवर सोडलेलं ते भलंमोठं जाळं दोन्ही टोकांनी माणसं काठाकडे खेचत होती. सनोबरचे वडील नुरुद्दीन त्यांचे म्होरके. राग कुठेतरी काढायचा म्हणून तिनेही दोर धरला आणि तळहात सोलवटेपर्यंत ओढत राहिली.

जाळं काठाला लागतंय तोच कॉलेजच्या पाहुण्यांना किनारा दाखवायला घेऊन दत्तप्रसाद हजर. पँट दुमडली, दोर धरला, फोटो काढून घेतला आणि दोर सोडला. दोराला हात लावला त्याला वाटा, हा रापणीचा रिवाज. नुरुद्दीननी बांगड्यांचा एक वाटा त्यांच्या पिशवीतही घातला.

सनोबरने वडिलांना बाजूला ओढलं. "अब्बा, तेंका वाटो कित्याक? फोटो काढूक दोर धरल्यानी तेंनी."

"हात लागलो मां दोराक? फोटो बघून चार गिऱ्हायकां येतली. मनात काय आसा, ता रापण विचारणा नाय गो."

 ज्या विचारासाठी सनोबर सकाळपासून भांडत होती, तो समोर वाळूत उभा राहिला तर तिलाच सोसवला नव्हता. ती तर अगदी दत्तप्रसादांसारखीच बोलली होती. तिला स्वतःचीच चीड आली.

मग ती त्यांच्याकडे गेली. "सर, त्या व्याख्यानाचे अध्यक्ष तुम्हीच व्हाल का? पेपरवाल्यांना बोलावते. फोटो येईल तुमचा."

दत्तप्रसादांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "विचारस्वातंत्र्य जपायलाच हवं, मॅडम. मंगळवारी ठेवा."

व्याख्यान मिळालं होतं, आणि सनोबरला रडू येत होतं. तिला त्यांना विचाराने पटवायचं होतं, फोटोने नव्हे. आपल्या वाट्याचे बांगडे तिने ओंजळीत उचलले. खारं पाणी सोललेल्या हातांना झोंबत राहिलं.