डोंगरकड्याच्या चढावर करपलेला क्लच

मी एक जुना गिअरबॉक्स आहे, मित्रांनो, आणि हिंगोलीतल्या एका भंगारवाल्याच्या पत्र्याखाली पडलो आहे. सध्या माझ्या पाठीवर एक कोंबडी अंडी उबवते. मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्यांनी मला गावोगाव मिरवलं, त्यांच्यापेक्षा माझा उपयोग तिला जास्त कळला.

मी काही साधासुधा नव्हतो. तुमच्या काळ्यापिवळ्या जीपचा ड्रायव्हर पायानं क्लच दाबतो, हातानं दांडी ओढतो, खर्रकन आवाज येतो आणि आतली बारा माणसं एकमेकांच्या अंगावर जातात. याला तुम्ही गाडी चालवणं म्हणता! माझ्यात क्लच दोन होते. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. कीर्तनात टाळकऱ्यांची एक रांग चरण सोडते न सोडते, तोच दुसरी रांग ते उचलते, मध्ये श्वासाएवढीही फट पडत नाही. अगदी तसा मी. एक क्लच गाडी ओढत असताना दुसरा पुढचा गिअर लावून तयार उभा. चालवणाऱ्यानं फक्त रेस द्यायची आणि ब्रेक दाबायचा.

एक खोड मात्र होती, ती लपवत नाही. मोकळ्या रस्त्यावर मी गुणी. पण मुंगीच्या चालीनं चालवलं की माझं बिनसायचं. जायचं की थांबायचं, असं कुणी अर्धवट सांगितलं की मी क्षणभर घुटमळायचो आणि मग हिसका द्यायचो. गाडी रांगते तेव्हा माझा क्लच पुरता चिकटत नाही, घासत राहतो. घासलं की तापतो. एवढी साधी गोष्ट. पण ती कळायला डोकं लागतं, नुसती ऐपत पुरत नाही.

ऐपत होती कुरुंद्याच्या गोपीचंदशेठची. हळदीचा मोठा व्यापार. दोन हजार आठ साली त्यांनी पुण्याहून मी जिच्या पोटात होतो ती परदेशी बनावटीची गाडी जुनीच घेतली आणि गावात नवी म्हणून सांगितली. गाडी चालवायला सटवाजी. ब्याण्णव सालापासून सेनगावच्या रस्त्यावर जीप हाकलेला माणूस. पहिल्या दिवशी डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर पडला आणि शेठचा फेटा पुढच्या काचेवर जाऊन आदळला. मी मनात म्हटलं, आला आणखी एक अडाणी! पण पंधरा दिवसांत त्यानं मला ओळखलं. बाजारात पुढच्या गाडीला खेटून रांगायच्या ऐवजी तो जागा मोकळी होऊ द्यायचा आणि मग एका दमात पुढं जायचा. चढावर थांबला की पाय ब्रेकवर. माझ्याबद्दलचं पुस्तक न वाचता या माणसानं मला कानानं वाचलं.

शेठ कधीमधी हौसेनं स्वतः चालवायचे, तेव्हा तो त्यांना सांगायचा, "शेठ, चढावर रेस देऊन गाडी धरून ठेवू नका. ही आतून जळती."

"आटोमॅटिक हाय ती! तिचं ती बघंल. तू काहून डोकं लावून राहिला?"

"आन् गिअरचं तेल बदलायची येळ झाली."

"इंजिनचं बदललं ना? आता गिअरला येगळं पाजायचं? लेकरू हाय का ते?"

मित्रांनो, स्वतःच्या अज्ञानावर इतका प्रसन्न असणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढच्या वर्षी डोंगरकडा गावात सप्ताह होता. काल्याचं कीर्तन सुभद्राबाईंचं. या माउलीच्या तोंडून नाम ऐकावं तर माझ्यासारख्या लोखंडालाही पाझर फुटावा. पण गुडघे साफ गेलेले. म्हणून शेठनं आपली गाडी देऊ केली. तिथवर सटवाजीनं अलगद नेलं. गावाच्या वेशीत टाळ-मृदंग उभे होते. ते पाहताच शेठ म्हणाले, "सटवा, उतर. इथून मी चालवतो. लोकान्ला दिसू दे."

"शेठ, पुढं चढ हाय. घरोघर थांबावं लागंल."

"तू पायी चल."

वेशीपासून देवळापर्यंत चढच चढ. आणि रीत अशी की कीर्तनकाराची मिरवणूक आली की प्रत्येक दारातली बाई बाहेर येऊन ओवाळणार आणि चाकावर तांब्याभर पाणी घालणार. पन्नासेक दारं! प्रत्येक दाराशी शेठ थांबायचे, ते ब्रेक न दाबता. रेसवर हलकासा पाय ठेवून मला चढावर नुसतं टांगून ठेवायचे आणि खिडकीतून हात जोडून हसायचे. बायांनी चाकं थंड केली. आत माझा पहिला क्लच तव्यावरच्या विसरलेल्या भाकरीसारखा करपत होता. मी थरथरलो. शेठच्या समोर धोक्याचा दिवा लावला. शेठ म्हणाले, "काय लुकलुकून राहिलंय हे?" आणि पुढच्या दाराकडे वळून हसले.

मारुतीच्या पारापाशी मी हात टेकले. क्लच सुटला. गाडी मागं घरंगळू लागली, आणि मागं डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया!

"ब्रेक दाबा, शेठ! ब्रेक!" सटवाजी ओरडला. शेठनं दाबली रेस. सटवाजीनं पाराचा सुटलेला दगड उचलला आणि मागच्या चाकाखाली सारला. गाडी अडली. एक कुंडी फुटली. माणसं सगळी वाचली.

शेठ उतरले. घाम पुसायच्या आधी त्यांनी दोषाला गिऱ्हाईक शोधलं.

"सटवा, काय करून ठेवलंस गाडीचं?" मग जवळ येऊन, हळू आवाजात, "म्हण, बिघाड आधीचाच व्हता, मला ठावं व्हतं, सांगायचं राहिलं. चार लोकांत म्हण. न्हाईतर उद्यापासून येऊ नको."

सटवाजीच्या घरी खाणारी पाच तोंडं. खरं सांगतो, तो कबूल होईल असंच मला वाटलं. माणसांबद्दल माझं मत तोवर तेवढंच होतं.

तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "सांगायचं राहिलं न्हाई, शेठ. धा बार सांगितलं. पाय तुमचा व्हता."

"चावी ठेव मग!"

"चावी गाडीलाच हाय. जागची न हलणारी गाडी, मी चावी घेऊन करू काय?"

बाया फिसकन हसल्या. सुभद्राबाईंनी दार उघडून हात पुढं केला. "चल रे लेकरा, धर मला. उशीर व्हतो." सटवाजीच्या खांद्यावर भार टाकून त्या उरलेला चढ चढल्या.

मी तिथंच दगडाला टेकून राहिलो. वरून कर्ण्यातून कीर्तन येत होतं. बाई शेठवर दोन आसूड ओढतील, अशी मला आशा होती. त्यांनी नावसुद्धा घेतलं नाही. विठ्ठलनामात बुडालेल्या माणसाला असल्या फुटकळ माणसासाठी सवड नसते. मला ते आवडलं.

सटवाजीची नोकरी गेली. दोन महिने तो हळद शिजवायच्या कढईवर राबला. मग कुणीतरी त्याला टेम्पो दिला. दांडीवाला, खर्र करणारा. शेठ अजून सांगतात, गाडीच खोटी निघाली.

मित्रांनो, यंत्राचं तेल वेळेवर बदला. चढावर थांबायचं असेल तर ब्रेकवर पाय ठेवा. आणि पाय कुणाचा होता असं कुणी विचारलं, तर आपला असेल तेव्हा आपला म्हणा.