‘तिसऱ्या जिन्या’तली बाई

सावेडीतला फिल्म क्लब चालवणारा आदिनाथ ज्ञानेश्वरीला म्हणाला की या रविवारी ‘तिसरा जिना’ दाखवायचा आहे, आणि सिनेमा संपल्यावर तिने त्यावर बोलावं. ज्ञानेश्वरी कॉलेजात शिकवायची, क्लबात दर महिन्याला कुणीतरी बोलायचं, त्यात नवीन काही नव्हतं. पण ती म्हणाली, “त्यातली ती बाई आहे ना, ती माझी आजी.”

आदिनाथला आधी ते खरंच वाटेना. साठेक वर्षांपूर्वीचा तो कृष्णधवल रहस्यपट. इतकी वर्षं कुठेतरी पडून राहिलेली त्याची प्रिंट अलीकडेच कुणीतरी स्वच्छ करून घेतली होती, आणि आता जाणकार मंडळी त्याच्याबद्दल भरभरून लिहायला लागली होती. नावांच्या पाटीवर डिटेक्टिव्हच्या खालोखाल ‘कु. रतन’ असं नाव यायचं. ती रतन म्हणजे नेवाशाच्या रतनबाई, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या.

रतनबाई तरुणपणी शिकायला पुण्याला मावशीकडे राहिल्या होत्या. कॉलेजच्या नाटकात एका दिग्दर्शकाने त्यांना पाहिलं. वडील शेतकरी माणूस. सिनेमात नाच नाही एवढी खात्री करून घेतली आणि हो म्हणाले. शहरांत सिनेमा पडला. पण गावोगावी तंबूत सिनेमे दाखवणाऱ्यांनी तो उचलला आणि जत्रांमधून कितीतरी दिवस फिरवला. रतनबाईंनीही तो गर्दीत बसून तंबूतच पाहिला. शेवटी खुनी निघालेल्या त्या बाईला पोलीस घेऊन जातात तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. बाहेर पडताना कुणीतरी त्यांना ओळखलं आणि शेजारच्या बाईने आपलं पोर जवळ ओढून घेतलं. त्यानंतर वडिलांनी दुसरा सिनेमा करू दिला नाही. पुढे लग्न झालं, नोकरी लागली, आणि त्या विषय काढेनाशा झाल्या.

ज्ञानेश्वरीने सिनेमा अनेकदा पाहिला होता. तिला तो फार आवडायचा, आणि त्यातल्या चुका तिला डाचायच्याही. पण आदिनाथने आजीलाही बोलावलं होतं, आणि ती समोर बसलेली असताना त्या कशा बोलून दाखवायच्या, हे तिला कळेना. शनिवारी ती नेवाशाला गेली आणि चुकाही सांगू का, असं आजीला सरळ विचारलं. फक्त चांगलं तेवढंच बोलले तर चालेल का, असंही विचारलं.

रतनबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “खोटं बोलनार असशील तर मी येत न्हाई.”

रविवारी दुपारी शाळेच्या सभागृहात खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता. रतनबाई पहिल्या रांगेत बसल्या. पडद्यावर डिटेक्टिव्ह जिना चढायला लागला, कठड्याच्या सावल्या त्याच्या तोंडावर पट्ट्यापट्ट्यांनी सरकल्या, आणि गोष्ट सांगणारा त्याचा दमलेला आवाज मागून आला. हातातले मोबाईल एकेक करून खिशात गेले. मग पांढऱ्या साडीतली तरुण रतन दारात आली. निम्मा चेहरा उजेडात, निम्मा काळोखात. सभागृहात कुणी हललं नाही.

सिनेमा संपल्यावर ज्ञानेश्वरी उठली. तिने आधी सावल्यांबद्दल सांगितलं, कधीच न दिसणारं शहर नुसत्या आवाजांतून कसं उभं राहतं ते सांगितलं. या डिटेक्टिव्हला सत्य सापडतं आणि तरी तो हरतो, म्हणून तो आपला वाटतो, असं ती म्हणाली. मग ती चुकांवर आली. गाडीच्या ड्रायव्हरला कोण मारतं, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. सिनेमाला ते रहस्य म्हणून ठेवायचं नव्हतं, तो विसरलाय. डिटेक्टिव्ह बाईला थोबाडीत मारतो आणि सिनेमा त्याला मर्दानगी समजतो. बाईने खून का केला, हे तिला कुणी विचारतच नाही. शेवटच्या दृश्यात तिला एक वाक्यही दिलेलं नाही.

“पण तिथे ती डिटेक्टिव्हकडे बघते,” ज्ञानेश्वरी म्हणाली, “आणि त्या नजरेचं काय करायचं, हे या सिनेमाला माहीत नाही. नजर सिनेमापेक्षा मोठी झालीय.”

मागच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उठले. ज्यांनी काम केलंय त्या बाई इथे बसल्या असताना असं बोलणं शोभत नाही, असं त्यांनी सुनावलं. एक-दोघांनी माना डोलावल्या. ज्ञानेश्वरीचा चेहरा उतरला. तेवढ्यात रतनबाईंनी आदिनाथकडे माईक मागितला. त्या बसूनच बोलल्या.

ड्रायव्हरला कुणी मारलं हे सेटवरही कुणाला माहीत नव्हतं, त्या म्हणाल्या. दिग्दर्शकाला विचारलं तर तो म्हणायचा, प्रेक्षक घाबरला की हिशेब विचारत नाही. लोक हसले. आपण स्वतः पहिल्या निम्म्या सिनेमात पाठ केल्यासारखं बोललो आहोत, हेही त्यांनी सांगून टाकलं. थोबाडीत मात्र खरीच बसली होती. तीन वेळा.

“शेवटी मी रडत त्याच्या पाया पडायचं, असं ठरलेलं हुतं,” रतनबाई म्हणाल्या. “कॅमेरा सुरू झाला आन् माझ्या मनानं घेतलं, ही बाई न्हाई रडनार. मी नुसती बघत राहिले. दिग्दर्शक लई चिडला. पन सेट संध्याकाळी मोडायचा हुता, परत घेता आलं न्हाई. ती नजर माझी हाय. कुनी शिकवली न्हाई मला. एवढ्या वर्षांत ती कुनाला दिसली न्हाई, ती या पोरीला दिसली.”

त्यांनी माईक आदिनाथच्या हातात दिला. आधी त्या गृहस्थांनीच टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळं सभागृह उठून उभं राहिलं. आजीच्या खुर्चीमागे जाऊन ज्ञानेश्वरीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तशीच ताठ उभी राहिली.

नंतर बराच वेळ कॉलेजच्या मुली रतनबाईंना घेरून होत्या. एकीने फोटो काढताना जरा हसा म्हटलं, तर त्या हसल्या नाहीत, आणि मुलींना तेच जास्त आवडलं.

ज्ञानेश्वरीच्या घरी जायला रिक्षा केली. रिक्षात बसल्यावर रतनबाईंनी नातीला सांगितलं की भाषण चांगलं झालं, फक्त सुरुवात लांबली, सावल्यांवर एवढं बोलायची गरज नव्हती. ज्ञानेश्वरीने मान्य केलं.

शाळेपाशी एवढी गर्दी कसली होती, असं रिक्षावाल्याने विचारलं. कुणी पुढारी आला होता का?

“न्हाई,” रतनबाई सरसावून बसल्या. “माझ्या नातीचं भाषन हुतं.”