खानावळ वाढवायची

"अजून वाढू?" म्हणत प्रयागबाईनं भाताचा डाव पाहुण्याच्या ताटावर नेला, तोच गल्ल्यावरून विनीत ओरडला, "आई, भात एकदाच!"

डाव पातेल्यात परत गेला. भुकेला माणूस तो, नुकता गड उतरून आलेला, ओशाळून पाणी प्यायला. प्रयागबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हिरकणीवाडीतली ही खानावळ आता मुलाच्या हातात होती. मुंबईची नोकरी सोडून आल्यापासून विनीतचा एकच जप चालला होता, नफा.

"नफा सुटत नसेल तर धंदा करायचा कशाला?"

"सुटतो की रे, पोटापुरता."

"पोटापुरता म्हणजे नफा नव्हे, आई."

त्याच संध्याकाळी फोन खाली ठेवत तो म्हणाला, "ठरलं. दिवाळीनंतर खानावळ वाढवायची."

प्रयागबाईच्या काळजात चर्र झालं. तिच्या नवऱ्यानं, महिपतीनं, 'बंद' हा अशुभ शब्द मरेपर्यंत जिभेवर घेतला नव्हता. रोज दार लावताना म्हणायचा, "चला, खानावळ वाढवू." आता पोरगा ती कायमचीच वाढवायला निघाला! भांडायचं तरी कोणत्या तोंडानं? ती चुलीपाशी बसून मनसोक्त रडली आणि उठून भांडी घासायला लागली.

सकाळी वरच्या धनगरवाड्यातून भागूबाई दह्याचं मडकं घेऊन उतरली. तिच्या दह्यासाठीच माणसं समोरची खानावळ सोडून इथं जेवायला यायची.

"भागू, दुसरं गिऱ्हाईक बघ गो. विनीत खानावळ वाढवतोय."

"अगो बाय! चांगली चालती खानावळ?"

"नफा नाय म्हनतो."

भागूबाईनं पदरानं डोळे टिपले आणि दही ओतून दिलं. दुसऱ्या दिवशी ती मडकं घेऊन समोर गेली. म्हशी काय कुणासाठी दूध द्यायच्या थांबतात?

रविवारी गिऱ्हाइकांनी दही मागितलं. विनीतनं महाडहून आणलेले दह्याचे कप पुढं केले. माणसं कपांकडं बघून उठली आणि रस्ता ओलांडून गेली.

"भागूबाई कुठाय?"

"मीच सांगितलं तिला दुसरीकडं बघ म्हनून. तू खानावळ वाढवनार ना?"

"अगं आई, वाढवणार म्हणजे मोठी करणार! वर मजला, एसी!"

प्रयागबाईचा जीव भांड्यात पडला. तिला हसूच आवरेना. "मेल्या, आधी नाय का सांगायचं! जाते, आनते तिला परत."

"राहू दे. दही मी कपातलंच ठेवणार होतो. त्यात नफा जास्त आहे."

तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

दिवस कलला तेव्हा समोर बसायला जागा नव्हती, माणसं ओट्यावर ताटं घेऊन जेवत होती. इकडं भाताचं पातेलं भरलेलंच होतं. विनीतनं उजेड असतानाच शटर खाली ओढलं.

"वाढवलीस का रे?" प्रयागबाईनं विचारलं.

तो समोर बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "हो. वाढवली."